काटा चौदावर थांबेना

इंजिन सुरू होण्याऐवजी ‘टक’ असा एकच आवाज झाला, आणि तपासनीस साहेबांनी हातातल्या पेनाला टोपण लावलं. मी पुन्हा बटण दाबलं. पुन्हा टक. तिसऱ्यांदा दाबलं तेव्हा तेवढाही आवाज झाला नाही.

“बॅटरी उतरलीय,” साहेब म्हणाले.

“काल दिवसभर चार्जिंगला लावली होती, साहेब. सकाळी फक्त तासभर इंजिन चालवून बघितलं.”

“लावली असेल. पण उतरलीय.”

मैदानाच्या कडेला आमच्या इमारतीतली मंडळी घडीच्या खुर्च्या टाकून बसली होती. त्यांना मीच बोलावलं होतं, आणि ते कशाला बोलावलं हे मला आता आठवत नव्हतं. फोटोसाठी वर धरलेले मोबाइल एकेक करून खाली आले. कुणीतरी थर्मासचं झाकण फिरवल्याचा आवाज मला कॉकपिटात स्पष्ट ऐकू आला. माझी बायको पंखाशेजारी उभी होती. ती काही बोलली नाही. ती हॉस्पिटलात सिस्टर आहे आणि केव्हा बोलायचं नाही हे तिला नोकरीतच शिकवलेलं आहे.

विमान मी घरी बांधलंय. हे ऐकल्यावर लोक ‘कशासाठी?’ असं विचारतात, आणि त्याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही, त्यामुळे तो भाग आपण सोडून देऊ. आमच्या इमारतीखालच्या गॅरेजात ते तयार झालं. तेवढी वर्षं आमची मोटार बाहेर ऊन-पाऊस खात उभी राहिली. मग पंख वेगळे करून, ट्रकवर घालून, आम्ही ते गावाबाहेरच्या ह्या गवताळ मैदानावर आणलं. इथे पत्र्याची एक शेड आहे. भाडं घेताना तिला विमानाचं हँगर म्हणतात.

नोकरी माझी विमा कंपनीत, दावे तपासण्याची. ह्या नोकरीत माणसाचा कशावरच विश्वास राहत नाही. जिना, गीझर, शेजाऱ्याच्या गॅलरीतली कुंडी, सगळ्यांच्या फाइली मी पाहिल्या आहेत, आणि प्रत्येक जाड फाइलच्या पहिल्या पानावर ‘किरकोळ बिघाड’ हे दोन शब्द असतातच. माझ्या विमानाचा विमा उतरवायला आमच्याच कंपनीने नकार दिला. त्या नकाराचा मसुदा नेहमीच्या पद्धतीने माझ्याच टेबलावर आला. मी तो काळजीपूर्वक वाचला, एक स्वल्पविराम दुरुस्त केला, आणि मला तो पूर्णपणे पटला.

आता बॅटरीचं एवढं काय, असं कुणालाही वाटेल. मोटारीची बॅटरी उतरली तर आपण खाली उतरून धक्का मारतो. वर धक्का मारायला कोण येणार? त्यातून माझ्या इंजिनाची ठिणगी विजेवर आणि पेट्रोलचा पंपही विजेवर. इंजिन चालू असताना अल्टरनेटरने वीज तयार करायची, रेग्युलेटर नावाच्या एका छोट्या डब्याने ती बेताने बॅटरीला द्यायची, आणि समोरच्या व्होल्टमीटरचा काटा चौदाच्या आसपास थांबायचा, असा हा सगळा संसार. काटा बाराकडे घसरायला लागला की समजायचं, खर्च चालू आहे आणि जमा बंद आहे. बॅटरी संपली की इंजिन बंद. मग विमान असेल तिथून खाली येणार, आणि त्याची फाइल आमच्या ऑफिसात येणार नाही, कारण विमाच नाही.

साहेबांनी मला बाजूला घेतलं. “हे बघा, ही दुसरी खेप. मागच्या वेळी काटा डोळ्यांदेखत घसरला, आज इंजिनच लागलं नाही. महिनाअखेरच्या रविवारी मी शेवटचा येतो. इंजिन चांगलं तापेपर्यंत काटा चौदावर राहिला तर जागेवर परवानगी देतो, त्याच दिवशी एक फेरी मारा. नाही राहिला तर मला फाइल बंद करावी लागेल. मग नवा अर्ज, आणि पहिल्या रिव्हेटपासून तपासणी.”

पहिल्या रिव्हेटपासून म्हणजे पंखांच्या पत्र्याचा एकेक खिळा काढून पत्रा पुन्हा उघडायचा. तेवढी उमेद माझ्यात राहिली नव्हती, आणि मोटार अजून काही वर्षं बाहेर उभी करण्याची बायकोची तयारी तर मुळीच नव्हती. म्हणजे महिनाअखेरच्या रविवारी उडायचं, नाहीतर कधीच उडायचं नाही. मी मान डोलावली. आणि खरं सांगायचं तर साहेबांनी पेनाला टोपण लावलं त्या क्षणी, चला, आज तरी उडायचं नाही, म्हणून मला जरासं बरंही वाटलं होतं. हे मी कुणाजवळ बोललो नाही.

बॅटरी बाजाराच्या पिशवीत घालून मी घरी आणली आणि बैठकीच्या खोलीत, टीव्हीशेजारी चार्जरला लावली. तिथे इमारतीतल्या लोकांनी तिला बघायला यायला सुरुवात केली. येणारा आधी माझ्याकडे बघून मान हलवायचा, मग बॅटरीकडे बघून मान हलवायचा, आणि मग बसून घ्यायचा. समोरच्या काकूंनी बॅटरी फ्रिजमध्ये ठेवायचा सल्ला दिला. त्यांच्या घड्याळाचे सेल फ्रिजमध्ये ठेवल्यापासून जास्त चालत होते. मी ‘बघतो’ म्हणालो, आणि त्या खरोखरच आमच्या फ्रिजमध्ये जागा आहे का ते बघून आल्या.

वरच्या मजल्यावर एक निवृत्त हेडमास्तर राहतात. सगळी इमारत त्यांना सर म्हणते. त्यांनी बॅटरीकडे पाहिलंसुद्धा नाही.

“बिघाड अर्थिंगचा आहे,” ते म्हणाले.

“कशावरून, सर?”

“अहो, साधी गोष्ट आहे. घराची अर्थिंगची तार कुठे जाते? जमिनीत. आणि तुमची वस्तू उडणार कुठे? आकाशात. तिला अर्थिंग मिळणार कुठून?”

मी त्यांना समजावून सांगितलं की विमानात त्याला जमीन लागत नाही. विमानाचं धातूचं अंगच त्या कामाला वापरतात, बॅटरीची एक तार त्या अंगाला जोडली की झालं. सरांनी डोळे मिटून सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “पुन्हा एकदा विचार करा,” आणि चहा संपवून वर गेले. मी घरात, माझ्याच बॅटरीशेजारी, नापास झालो होतो.

बॅटरी वॉरंटीत होती. तेव्हा ऑफिसातून रजा काढून मी ती दुकानात नेली. काउंटरवरच्या माणसाने संगणकाकडे तोंड करून विचारलं, “गाडी कुठली?”

“विमान आहे.”

त्याने यादी वरून खाली, खालून वर केली. “विमान नाहीय ह्यात. दुचाकी, तीनचाकी, चारचाकी.”

“चाकं तीन आहेत,” मी म्हणालो. अशा वेळी माणूस मदत करायला जातो आणि फसतो.

“मग तीनचाकी लिहितो. गाडीचा नंबर?”

“नंबर अजून मिळाला नाही. तो तपासणी झाल्यावर मिळतो. आणि बॅटरी नीट चालल्याशिवाय तपासणी होत नाही.”

“बिननंबरची गाडी रस्त्यावर कशी काय आणता?”

“रस्त्यावर आणतच नाही.”

“मग बॅटरी कशाला लागते?”

शेवटी तो म्हणाला, “गाडी घेऊन या. गाडीत लावूनच चेक करायचा नियम आहे.” विमान त्यांच्या दारात कसं आणायचं ह्याचा मी क्षणभर खरोखर विचार केला. पदपथावरच्या झाडामुळे डावा पंख बसला नसता. अखेर माझ्या मागे रांग वाढली म्हणून त्याने बॅटरी काउंटरवरच तपासली आणि परत माझ्या पिशवीत ठेवली. “एकदम ठणठणीत आहे. तुमची तीनचाकी दाखवा कुणाला तरी.” पावतीवर त्याने ‘मालवाहू’ असंही लिहिलं होतं.

म्हणजे बॅटरी चांगली होती. ती भरली जात नव्हती, एवढंच. पण हे मेहुण्याला कोण सांगणार? बायकोचा धाकटा भाऊ ट्रकच्या धंद्यात आहे, आणि जगातला कुठलाही प्रश्न मोठी वस्तू आणली की सुटतो अशी त्याची श्रद्धा आहे. तो शनिवारी थेट मैदानावर आला. त्याच्या दोन माणसांनी जे उतरवलं ते बघून मी दोन पावलं मागे सरकलो.

“भावोजी, त्या खेळण्यातल्या बॅटरीने काय होणार? ही घ्या. ही डोंगर चढलेली आहे.”

“अरे, पण ही बसणार कुठे?”

“बसवायची. विमान तुम्ही बांधलंत ना? मग?”

मेहुण्याला नाही म्हणण्याची ताकद माझ्यात असती तर माझ्या आयुष्यातल्या बऱ्याच गोष्टी वेगळ्या झाल्या असत्या. दुपारपर्यंत आम्ही लोखंडी पट्ट्यांचा एक पाळणा करून ती बॅटरी सीटमागे बसवली. बटण दाबताच इंजिन असं गरजलं की शेडचा पत्रा थरथरला. मेहुण्याने माझ्या पाठीवर थाप मारली. मीही हसलो. मग व्होल्टमीटरकडे बघितलं. साडेबारा. थोड्या वेळाने बारा. मोठी बादली आणली होती, पण नळ बंदच होता. शिवाय विमानाचं शेपूट खाली बसलंय आणि नाकाने आकाशाकडे बघायला सुरुवात केलीय, हे मेहुण्यालाही दिसलं. तो म्हणाला, “बरंय की. चढायला सोपं.”

सोमवारी मी प्रामाणिकपणे विमानांच्या परवाना ऑफिसात फोन केला. हा प्रामाणिकपणा मला नोकरीने लावलाय आणि त्याने माझं कधीही भलं केलेलं नाही. तिकडच्या बाईंनी सांगितलं की बॅटरी बदलली म्हणजे वजन बदललं, वजन बदललं म्हणजे तोल बदलला, तेव्हा विमानाचं पुन्हा वजन करून अर्ज पाठवा. मी म्हणालो, मी जुनीच बॅटरी परत बसवतो. त्या म्हणाल्या, तो दुसरा बदल झाला, त्याचा अर्ज वेगळा. पण पहिल्या बदलाचा अर्ज आल्याशिवाय दुसऱ्याचा घेता येत नाही. मी विचारलं, समजा पहिला बदल झालाच नाही असं धरलं तर? बाई म्हणाल्या, “पण तुम्ही मला सांगितलंत ना आता.”

तेव्हा आम्ही तीन चाकांखाली वजनाचे तीन काटे ठेवून विमान मोठ्या बॅटरीसकट तोललं. मग बॅटरी उतरवून, लहान बॅटरी लावून पुन्हा तोललं. बायको काट्यांसमोर उकिडवी बसून आकडे वाचत होती, मी लिहीत होतो. ज्या अवस्थेत विमान कधी उडणार नव्हतं तिचं वजन मी व्यवस्थित लिहून पाठवलं. मेहुण्याने त्याची बॅटरी परत नेली, आणि ‘चांगलं करायला गेलं की असं होतं’ एवढंच बहिणीला म्हणाला. ते वाक्य आमच्या घरात दोन-तीन दिवस मुक्कामाला होतं.

रविवार जवळ येत होता आणि मी सैरभैर झालो होतो. संशय येईल तिथे उघडायचं, ही माझी पद्धत. एक दिवस अल्टरनेटरचा पट्टा आवळला, दुसऱ्या दिवशी तारा बदलल्या, तिसऱ्या दिवशी नव्या तारा काढून जुन्या घातल्या, कारण जुन्या असताना निदान काहीतरी चालत होतं. सगळ्यांत छळ म्हणजे बिघाड कायमचा नव्हता. मध्येच एखाद्या दुपारी काटा तडक चौदावर जायचा आणि तिथे शहाण्यासारखा बसायचा. मी आनंदाने बायकोला फोन करायचो. फोन ठेवेपर्यंत काटा खाली. ऑफिसात कुणी ‘चौदा’ म्हटलं तरी मी दचकायला लागलो. जेवताना भिंतीवरच्या घड्याळाचा काटा पुढे सरकताना बघून मला घास जाईना.

“तुम्ही त्याला कुठे दुखतंय हे न बघताच रोज नवं औषध देताय,” एका संध्याकाळी बायको म्हणाली. “असा पेशंट बरा होत नाही. झाला तर आपल्यामुळे होत नाही.”

“मग काय करू?”

“एका टोकापासून सुरू करा. मधलं काही सोडायचं नाही. मी येते, मीटर मी धरते.”

त्या रविवारला अजून आठ दिवस होते तेव्हा, शनिवारी सकाळी, तिची सुट्टी होती, आम्ही शेडमध्ये गेलो. इंजिन बंद. तारा तपासायच्या मीटरच्या दोन सुया दोन ठिकाणी टेकवायच्या, जोड सलग असेल तर मीटर ‘पीं’ असा आवाज करतो. बॅटरीपासून विमानाच्या अंगापर्यंत: पीं. अंगापासून इंजिनापर्यंत: पीं. अल्टरनेटर: पीं. ती प्रत्येक ठिकाणी सुई टेकवून, ऐकून, ‘ठीक’ म्हणत होती आणि पुढे सरकत होती. वॉर्डात राउंड घेते तेव्हा अशीच घेत असणार. मग तिने एक सुई रेग्युलेटरच्या डब्यावर टेकवली.

मीटर गप्प.

“जोरात दाब,” मी म्हणालो. तिने दाबलं. मीटर गप्पच. तिने चष्मा वर केला, डब्याच्या अगदी जवळ तोंड नेलं आणि कडेला नखाने खरवडलं. नखाबरोबर एक पारदर्शक पापुद्रा वर आला.

“अहो,” ती म्हणाली, “ह्याच्यावरचं प्लास्टिक तुम्ही काढलंच नाहीय.”

आता इथे आमच्या घराबद्दल थोडं सांगायला हवं. आमच्या घरात नव्या वस्तूवरचं प्लास्टिक कुणी काढत नाही. टीव्हीचा रिमोट अजून कंपनीच्या पिशवीत आहे, बटणं पिशवीवरून दाबायची. फ्रिजच्या दारावरचा पापुद्रा पिवळा पडला, मग तडकला, पण त्याला कुणी हात लावला नाही. जेवणाच्या खुर्च्यांच्या गाद्यांवर कारखान्यातलं आवरण तसंच आहे, उन्हाळ्यात पाहुणे उठताना खुर्ची थोडी त्यांच्याबरोबर उठते. वस्तू नवी राहावी म्हणून तिचं नवं अंग आम्ही कधी बघतच नाही. तर तो रेग्युलेटर जेव्हा खोक्यातून निघाला, तेव्हा त्याच्या चकचकीत ॲल्युमिनियमवर हा पापुद्रा होता आणि त्याचा एक कोपरा सुटलेला होता. दुसऱ्या कुणी तो ओढून काढला असता. मी तो अंगठ्याने दाबून नीट परत चिकटवला. तेव्हा किती समाधान वाटलं होतं तेसुद्धा मला आठवलं.

त्या डब्याला स्वतःची वेगळी अर्थिंगची तार नसते. तो विमानाच्या अंगाला टेकलेला असतो, तेवढ्यावर त्याचं काम चालतं. माझा डबा प्लास्टिकवर बसला होता. स्क्रू भोकाच्या कडेला कधी घासले तर जोड व्हायचा, हादऱ्याने सरकले की तुटायचा. मी खाली बसलो आणि डोकं धरलं. मग उठून स्क्रू काढले, डबा उलटा केला आणि पापुद्र्याला हात घातला.

“सगळं नका काढू,” बायको पटकन म्हणाली. “खालचं तेवढं काढा. वर राहू दे, ओरखडे पडतील.”

मीही खालचंच काढलं.

इंजिन सुरू केलं. काटा वर चढला, चौदावर आला आणि थांबला. दिवे लावले, पंप लावला, रेडिओ लावला, काटा तिथेच. इंजिन तापलं, काटा तिथेच. बायको पंखामागून वाकून बघत होती. “चौदा,” ती म्हणाली. काही वेळाने पुन्हा म्हणाली, “चौदा.” ताप उतरल्यावर सांगतात त्या आवाजात.

इमारतीत ही बातमी अशी पसरली की सरांनी विमान दुरुस्त केलं. जिन्यात ते मला थांबवून म्हणाले, “मी पहिल्याच दिवशी काय सांगितलं होतं?” बिघाड अर्थिंगचाच होता. त्यांचं कारण शंभर टक्के चूक आणि उत्तर शंभर टक्के बरोबर, आणि माझं ह्याच्या बरोबर उलट. खाली उतरेपर्यंत मला आणखी दोघांनी सांगितलं की एक शिकलेला माणूस शेजारी असला की किती फरक पडतो.

पण अपमानाचं मला फारसं काही वाटेना, कारण त्या शनिवारपासून दुसऱ्याच गोष्टीने माझा जीव टांगणीला लागला होता. आता काहीच बिघडलेलं नव्हतं. इतके दिवस मधे बॅटरी उभी होती, म्हणून पलीकडचं दिसत नव्हतं. ती बाजूला झाली आणि पलीकडे रविवार होता. विमान चालवायचा परवाना माझ्याकडे आहे, तो शिकवणाऱ्याच्या विमानात, शिकवणारा शेजारी बसलेला असताना मिळवलेला. हे विमान मी बांधलंय. मी कसा आहे हे मला माहीत आहे. ऑफिस सुटल्यावर मी रोज शेडमध्ये जाऊन व्होल्टमीटरवर टिचकी मारून बघायला लागलो. कुठेतरी काहीतरी सापडेल अशी मला आशा होती. काही सापडत नव्हतं.

महिनाअखेरच्या रविवारी सगळे आले. खुर्च्या आल्या, थर्मास आले, सर टोपी घालून आले, मेहुणा दोन माणसं घेऊन आला, ढकलायला लागलं तर असावीत म्हणून. तपासनीस साहेबांनी इंजिन तापेपर्यंत काट्याकडे टक लावून बघितलं. मग सही केली आणि इंजिनाच्या आवाजावरून ओरडून म्हणाले, “एकच फेरी. मैदानाभोवती. वारा छान आहे.”

ते खुर्च्यांकडे गेले. मी विमान मैदानाच्या टोकापर्यंत चालवत नेलं आणि वळवलं. समोर सगळं गवत मोकळं. मी वेग वाढवायच्या दांड्यावर हात ठेवला आणि मागे घेतला. मी विमान तसंच चालवत परत शेडपाशी आणलं, इंजिन मंद केलं, काचेचं झाकण उघडलं आणि साहेबांना हातानेच ‘नाही’ अशी खूण केली. मग व्होल्टमीटरकडे बोट दाखवलं.

साहेबांचा चेहरा पडला. त्यांनी खिशातून पेन काढलं. बायको मात्र चालत निघाली, शिकवलं होतं तशी फिरत्या पंख्यापासून लांब, मागच्या बाजूने, पंखाच्या कडेकडेने, आणि कॉकपिटात वाकली.

“काटा हलतोय,” मी म्हणालो. “तेरापर्यंत आला होता. आज नको.”

तिने काट्याकडे पाहिलं. “चौदा आहे.”

“आत्ता आहे. मगाशी हलला.”

ती काट्याकडे बघायची थांबली आणि माझ्याकडे बघायला लागली. “आमच्याकडे ऑपरेशनच्या दिवशी सकाळी निम्म्या पेशंटना खोकला होतो,” ती माझ्या कानाशी म्हणाली. “सिस्टर, आज नको, आज खोकला आहे. तपासावं तर छाती स्वच्छ.”

मी व्होल्टमीटरच्या काचेवर टिचकी मारली.

“भीती वाटतेय?”

“हो.”

“खूप?”

“खूप.”

“मग तसं सांगा ना. बॅटरीला कशाला मधे घेताय? नाही म्हणायचं असेल तर नाही म्हणा, मी साहेबांना सांगते. फाइल बंद झाली तर झाली. कुणी तुम्हाला हसलं तर मी बघून घेईन.”

हे मला कुणी म्हणेल असं वाटलं नव्हतं. “तुला नाही वाटत भीती?” मी विचारलं.

“मला तुम्ही गॅरेजात पहिला पत्रा आणलात त्या दिवसापासून वाटतेय,” ती म्हणाली. ती हे इतक्या वर्षांत एकदाही बोलली नव्हती. “पण मीटर मी वाचलाय. तोल मी वाचलाय. ह्या विमानाला काही झालेलं नाही. आता तुमचं काय ते तुम्ही ठरवा.”

ती बाजूला झाली. मी झाकण लावून घेतलं. ठरवलं असं काही म्हणता येणार नाही, पण विमान पुन्हा मैदानाच्या टोकाला गेलं, वळलं, आणि ह्या वेळी मी हात मागे घेतला नाही. गवत धावायला लागलं, चाकांचा खडखडाट वाढला आणि मग एकदम थांबला.

फेरी झाली. उतरताना विमान एकदा उसळलं, पुन्हा उसळलं, आणि मग टेकलं. सगळे धावत आले. सरांनी विचारलं, “वरून आपली इमारत दिसली?” मेहुण्याने विचारलं, “भावोजी, आपले ट्रक दिसले का?” मी म्हणालो, “चौदा.” “काय चौदा?” “पूर्ण वेळ चौदा होता.” त्यांना वाटलं मला वाऱ्याने काही झालं. साहेबांनी हात मिळवला, कुणीतरी माझ्या हातात चहा दिला, तो निम्मा सांडला.

मंडळी जरा पांगल्यावर बायकोने विचारलं, “कसं होतं वर?”

“मी बघितलंच नाही,” मी म्हणालो. “काट्यावरून नजर काढायचा धीरच झाला नाही. आपण वर होतो की खाली, तेही धड आठवत नाही.”

ती चालत साहेबांकडे गेली, त्यांच्याशी काहीतरी बोलली. साहेबांनी आकाशाकडे पाहिलं, वारा बघायला लावलेल्या झेंड्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. ती परत आली.

“अजून एक फेरी चालेल म्हणाले. जा. ह्या वेळी बाहेर बघा.”

“आणि काटा?”

“काटा त्याचं बघेल.”

दुसऱ्यांदा वर गेल्यावर पहिल्या वळणाशी मी मोठा श्वास घेतला आणि मान बाहेर वळवली. नदी दिसली, रस्ते दिसले, त्यावरच्या मोटारी दिसल्या, आपली इमारत कुठली ते कळेना. मग खाली मैदान आलं. शेडचा पत्रा, रांगेतल्या खुर्च्या, थर्मासभोवती घोळका. आणि त्या सगळ्यांपासून लांब, मोकळ्या गवतात, बायको एकटी उभी होती. तोंड वर करून, कपाळावर आडवा हात धरून. आपण बघतोय हे तिला कळावं म्हणून मी पंख एका बाजूला हलकेच झुकवला. तिने हात हलवला नाही. मी खाली येईपर्यंत ती तशीच उभी होती.

घरी येताना मी तिला त्याबद्दल विचारलं. ती म्हणाली, हात हलवायला गेले असते तर तेवढ्यात नजर हलली असती.